अकरा दिवसवाल्या बाई

मामा: ज्या कागदावर वाघ छापलाय, त्या कागदावर सही करायची नाही. संपला विषय.

गुंडी: वाघ नाहीये तो, बिबट्या आहे.

मामा: कुणीही असो. त्याचा नेमबाजीशी संबंध काय? आणि खाली काय लिहिलंय बघ, 'भीतीला गोळी घाला!!!' तीन उद्गारचिन्हं. ज्याला खरंच शिकवता येतं त्याला एकसुद्धा लागत नाही.

आई: पण जेवण देतात ना दोन्ही दिवस?

गुंडी: देतात. रविवारी संध्याकाळी सर्टिफिकेट हातात. वर बंदूक घेऊन एक फोटो, फ्रेमसकट.

आई: मग भर तो फॉर्म आणि उठा दोघं. सकाळपासून नुसता कीस पाडताय. मला टेबल पुसायचंय.

मामा: ताई, तू मध्ये बोलू नकोस.

आई: माझ्या घरात, माझ्या टेबलाशी बसून, माझा चहा ढोसून मला सांगतोयस मध्ये बोलू नकोस? आणि तिकडून पुटपुटू नकोस. इकडे उजवीकडे येऊन बस. डावा कान माझा नुसता शोभेला आहे, माहितीये ना तुला?

मामा: माहितीये.

गुंडी: मामा, आता शांतपणे ऐक. एजन्सीचं पत्र आलंय. बँकेतल्या गार्डच्या जागेवर माझी निवड झालीये. पण तीस तारखेच्या आत बंदुकीच्या क्लासचं सर्टिफिकेट दाखवायचंय. कुठल्याही मान्यता असलेल्या क्लासचं. कुठल्याही! माझ्यामागे यादीत सतरा जणी टपून बसल्यात. मी चुकले की पुढची आत. आज सोळा तारीख. दोन दिवसांत मिळतंय ते सोडून मी तू म्हणतोस त्या बाईंच्या क्लासात अकरा दिवस कशाला घालवू?

मामा: कारण दोन दिवसांत माणसाला सायकलसुद्धा येत नाही.

गुंडी: मला आली होती.

मामा: तुला आली नव्हती. मी मागून धरली होती. तू वळून बघितलं नाहीस, म्हणून तुला वाटलं आली.

आई: हे मात्र खरंय. धापा टाकत यायचा घरी.

गुंडी: बरं, मग हा दुसरा बघ. पाच दिवसांचा. चार दिवस घरबसल्या मोबाईलवर, पाचव्या दिवशी मैदानात. शंभरातल्या नव्वद लोकांनी पाच चांदण्या दिल्यात.

मामा: मोबाईलवर बंदूक?

गुंडी: व्हिडिओ असतात. मध्येमध्ये प्रश्न येतात, आपण बोटानं उत्तर दाबायचं.

मामा: अगं बोट कधी दाबायचं नाही, हेच तर शिकायचं असतं! ह्यांनी पहिल्या दिवसापासून दाबायलाच लावलं.

आई: तो राहू दे. गेल्या वर्षी मोबाईलवर शिवण शिकली ही. त्या ब्लाउजला एक बाही आली होती.

गुंडी: आई, तू कुणाच्या बाजूनं आहेस?

आई: मी दोन दिवसांच्या बाजूनं आहे. बँकेतल्या गार्डाला करायचं काय असतं? दारात बसायचं, म्हाताऱ्यांना फॉर्म भरून द्यायचे आणि 'आज सर्व्हर बंद आहे' म्हणून सांगायचं. तीस वर्षं कॅशियर होते मी, मला सांगता? तुझ्या मामानं आमच्याच शाखेत सत्तावीस वर्षं बंदूक सांभाळली. तिला काय काय अडकवायचा, विचार त्याला.

मामा: ताई!

आई: छत्री. जेवणाचा डबा. एकदा मॅनेजरसाहेबांचा कोट वाळत घातला होता.

मामा: साहेबांनीच सांगितलं होतं.

गुंडी: आणि जेवणाच्या सुट्टीचं? ते माझं आवडतं. ठीक दीड वाजता मामा बंदूक वर करायचा, घोडा ओढायचा, चाप दाबायचा. खट्! की अख्खी शाखा खिडक्या बंद करून डबे उघडायची.

आई: घड्याळ बंद पडलं होतं ना भिंतीवरचं. नवं मागवायला अर्ज केला, तो मंजूर होईपर्यंत तीन मॅनेजर बदलले. तोवर हाच आमचा भोंगा.

गुंडी: म्हणजे बंदुकीत काडतूसच नसायचं?

मामा: काडतुसं तिजोरीत. तिजोरीची एक किल्ली मॅनेजरकडे, एक तुझ्या आईकडे. दरोडा पडला असता, तर दोघांच्या सह्या घेऊन, वहीत नोंद करून मग मला दोन काडतुसं मिळाली असती.

आई: चोरांना बसवलं असतं तोवर. चहा दिला असता.

गुंडी: बघ! मग तूच सांग, अशा नोकरीसाठी अकरा दिवस? त्यातले पहिले तीन दिवस त्या बाई बंदुकीला हातसुद्धा लावू देत नाहीत. नमनालाच घडाभर तेल! कागद बघ त्यांचा. झेरॉक्सची झेरॉक्स. ना फोटो, ना बिबट्या. नुसता पत्ता आणि फोन नंबर. त्यांच्याबद्दल लोकांनी काय लिहिलंय, वाचू?

मामा: वाच.

गुंडी: 'दुसऱ्या दिवशी घरी पाठवलं. कारण विचारलं तर म्हणाल्या, तुम्हाला फार घाई आहे.' एक चांदणी. 'बाई खडूस आहेत. पाणी प्यायलासुद्धा परवानगी लागते.' एक चांदणी. हा तर कळस आहे, 'मी माजी खेळाडू असूनही मला नापास केलं.' अर्धी चांदणी देता येत नाही म्हणून एक दिली म्हणे. निम्मा वर्ग नापास होतो, मामा. मी नापास झाले तर संपलं. दुसऱ्यांदा परीक्षा द्यायला दिवसच उरत नाहीत. मग परत आहेच कपड्यांच्या दुकानाचं दार. रोज सहाशे बायकांच्या पर्स उघडायच्या आणि 'थँक्यू मॅडम, पुढे जा.' तीन वर्षं झाली, पायांना सूज आलीये माझ्या.

मामा: मला कळतंय ते.

गुंडी: नाही कळत. कळत असतं तर म्हणाला असतास, घे पोरी दोन दिवसांचा, लाग कामाला. मला तर वाटतं तू जळतोयस माझ्यावर.

मामा: मी? कशावरून?

गुंडी: तू निवृत्त झालास आणि तुझ्या भाचीच्या हातात बंदूक येतेय. तुझ्यासारखी बिनकाडतुसाची नाही, खरी.

आई: गुंडे, जीभ आवर.

मामा: बोलू दे तिला. गुंडे, मी गेलो होतो त्या बाईंकडे.

गुंडी: कधी?

मामा: मंगळवारी. तिन्ही ठिकाणी गेलो. बिबट्यावाल्याकडे काळा चष्मा लावलेला एक इसम आहे. खोलीत अंधार, तरी चष्मा. मी बँकेत होतो म्हणताच त्यानं माझ्या हातात बंदूक दिली आणि म्हणाला, 'काका, एक फोटो होऊन जाऊ दे.' काढला. छान आलाय, दाखवीन नंतर. मोबाईलवाल्यांच्या पत्त्यावर झेरॉक्सचं दुकान निघालं. मग बाईंकडे गेलो. म्हटलं, मी सत्तावीस वर्षं गार्ड होतो, भाचीसाठी चौकशीला आलोय. त्या म्हणाल्या, बसा. टेबलावरची बंदूक उचलून माझ्यापुढे धरली. म्हणाल्या, रिकामी आहे, घ्या. मी घेतली.

गुंडी: मग?

मामा: म्हणाल्या, नापास.

आई: घेतली म्हणून?

मामा: उघडून न बघता घेतली म्हणून. म्हणाल्या, 'मी रिकामी आहे म्हटलं आणि तुम्ही विश्वास ठेवलात? मी कोण तुमची?' ताई, सत्तावीस वर्षं नोकरी, निवृत्तीला शाल, श्रीफळ, भाषणं. आणि त्या बाईनं मला सव्वा मिनिटात नापास केलं.

आई: भेटायला हवं या बाईला.

गुंडी: म्हणजे तू नापास झालास, म्हणून मीपण व्हायचं?

मामा: म्हणून तू तिथेच शिकायचं.

गुंडी: हे कुठलं तर्कशास्त्र? आई, तू समजाव ह्याला. हा नेहमीसारखं ताकाला जाऊन भांडं लपवतोय. काहीतरी आहे आणि सांगत नाहीये.

आई: काही नाहीये. भर तो दोन दिवसांचा.

मामा: ताई, मी सांगतो तिला.

आई: काही गरज नाही.

मामा: आता नाही सांगितलं तर ही बिबट्याकडे जाईल. दोन दिवसांत फोटो काढून येईल आणि खरी भरलेली बंदूक घेऊन बँकेच्या दारात बसेल. तिथे पोरंबाळं येतात, ताई.

आई: मी म्हटलं ना, गरज नाही!

गुंडी: कसली गरज? काय चाललंय तुमचं?

मामा: तुझ्या आईचा कान तापानं गेलेला नाही.

गुंडी: म्हणजे?

मामा: माझ्या बंदुकीनं गेला. नवे मॅनेजर आले होते. नियमावर बोट ठेवणारा माणूस. पहिल्याच शुक्रवारी लेखी हुकूम काढला, उद्यापासून बंदूक भरलेलीच ठेवायची. शनिवारी सकाळी मी स्वतःच्या हातानं काडतुसं भरली. दोन सह्या झाल्या. आणि दीड वाजेपर्यंत साफ विसरलो. नऊ वर्षं रिकामी बंदूक वागवली होती मी, गुंडे. हाताला माहीतच नव्हतं की ती भरलेली असू शकते. दीड वाजला. बंदूक वर केली, घोडा ओढला. सुट्टी द्यायला.

गुंडी: अरे देवा.

मामा: नळी वर होती म्हणून कुणी मेलं नाही. छताचा पत्रावळीएवढा गिलावा खाली आला. साहेब टेबलाखाली. पण तुझ्या आईची खिडकी माझ्या स्टुलाच्या हातभर अंतरावर. तिचा डावा कान माझ्याकडे. चौकशीत तिनं लिहून दिलं की मी बंदूक पुसत होतो. माझी एक पगारवाढ गेली, नोकरी राहिली. आणि ती निवृत्त होईपर्यंत एका कानानं नोटा मोजत राहिली. तेवीस वर्षं दर रविवारी येतो मी इथे. बिस्किटांचा पुडा ठेवतो. आज बोलू म्हणतो आणि चहा पिऊन निघून जातो. मला लाज वाटते, गुंडे. माझ्या हातून सुटली ती.

गुंडी: तेवीस वर्षं? मी शाळेत निबंध लिहिला होता तुझ्यावर! 'माझे शूर मामा.' बाईंनी वर्गात वाचून दाखवला. लोक टाळ्या वाजवत होते, मामा!

मामा: माहितीये. माझ्याकडे आहे ती वही.

गुंडी: आणि आई, तू? ताप म्हणे! मी मैत्रिणींना सांगायचे, ताप आला तर डॉक्टरकडे जा, माझ्या आईचा कान गेला. किती जणींना मी फुकट घाबरवलं!

आई: चांगलंच केलंस. जातात तरी डॉक्टरकडे.

गुंडी: थट्टा करू नकोस!

आई: नाही करत. बस खाली. बस म्हणते ना. अरे, आणि तू? कुणाला अर्धं सांगतोयस?

मामा: सांगितलं की सगळं.

आई: सगळं? 'माझ्या हातून सुटली'? तेवीस वर्षं गप्प बसलो ते बसलो. आता तोंड उघडलंच आहेस, तर मेल्या, नीट उघड.

मामा: ताई, नको. हात जोडतो.

आई: मग मी सांगते. ती बाई म्हणते ना, बघितल्याशिवाय हातात घ्यायची नाही? मग ही नोकरीसुद्धा हिनं बघूनच घ्यावी. गुंडे, शनिवार होता. तुझी बालवाडी अकराला सुटायची. सांभाळायला घरी कुणी नाही, म्हणून शनिवारी तुला बँकेत आणायचे मी. नियमात बसत नव्हतं, पण आमच्या शाखेत नियमात बसणारं होतंच काय? तू मामाच्या मांडीवर बसायचीस. आणि शनिवारची सुट्टी तू द्यायचीस.

गुंडी: मी?

आई: तो बंदूक धरायचा, घोडा ओढायचा आणि म्हणायचा, 'हं, वाजव घंटा.' तू दोन्ही बोटांनी चाप दाबायचीस. एका बोटात जोर नव्हता तुझ्या. सगळी शाखा थांबून बघायची. माझी पोरगी घंटा देते म्हणून मी खिडकीतनं मिरवायचे. त्या दिवशीपण बघतच होते.

गुंडी: पीठ.

आई: काय?

गुंडी: सगळ्यांच्या डोक्यावर पीठ पडलंय आणि कुणीच काही बोलत नाहीये. लहानपणापासून दिसतं मला ते. मला स्वप्न वाटायचं.

आई: गिलावा होता. सगळे ओरडत होते. तुला ऐकू येत नव्हतं. तुझे कान तीन दिवसांनी आले, दोन्ही. मी कुठकुठे काय काय नवस बोलले होते त्यासाठी. माझा आला नाही, तर म्हटलं, स्वस्तात सुटलो.

मामा: ताई, बोट तिचं नव्हतंच. माझंच होतं ते. पावणेपाच वर्षांच्या पोरीला काय कळतं?

आई: कुणाचं बोट, ते मी पाहिलंय. दोष कुणाचा, ते वेगळं. दोष तुझा, माझा, त्या घड्याळाचा आणि तीन मॅनेजरांचा. हिचा नाही. हे हिला कळावं म्हणूनच सांगतेय. ऐकतेयस ना, गुंडे? रडायचं तर रड, पण ऐक.

गुंडी: तुला माझा राग नाही आला?

आई: आला की. तू दहावीला गणितात बत्तीस आणलेस तेव्हा. कानाचा कशाला येईल? उलट त्या कानानं माझा संसार टिकवला. तुझा बाप डाव्या बाजूला झोपायचा. त्याचं घोरणं मी वीस वर्षं ऐकलं नाही.

मामा: भावजी काय घोरायचे! भिंत हलायची.

आई: तू गप्प बस. तुला अजून माफ केलेलं नाही.

मामा: नाही?

आई: तू कधी मागितलीस? बिस्किटं आणलीस नुसती. तीपण मऊ पडलेली.

मामा: माफ कर, ताई.

आई: या बाजूनं सांग. त्या कानाला सांगून काय उपयोग?

मामा: ताई, माफ कर मला.

आई: हं. बघू.

गुंडी: मला नाही करायची ही नोकरी. मी माझ्या दुकानाच्या दारातच बरी आहे. पर्समध्ये फार तर लिपस्टिक सापडते.

आई: नको करूस. तुझी मर्जी. पण आत्ता रडता रडता ठरवू नकोस. आणि मी मघाशी दोन दिवसांचा भर म्हणाले, ते विसर. मला वाटलं, पटकन उरकेल आणि जुनं काही वर येणार नाही. मीपण उघडून बघत नव्हते. घाबरट आहे मी, तुझ्या मामापेक्षा जास्त.

गुंडी: तू घाबरट?

आई: तेवीस वर्षं दिवाळीत दारं लावून बसते, ती काय हौस म्हणून?

मामा: गुंडे, मी एकच सांगतो, मग तोंड उघडणार नाही. बाईंना मी मंगळवारी विचारलं, तुम्ही पहिले तीन दिवस शिकवता काय? त्या म्हणाल्या, बंदूक खाली ठेवायला. दुसऱ्यानं पुढे केली तरी न घ्यायला. साहेबानं सांगितलं तरी 'नाही' म्हणायला. नोकरी कर नाही तर नको करूस. पण हे तीन दिवस मला कुणी शिकवले असते, तर आत्ता मी तुझ्या आईच्या कुठल्याही बाजूला बसलो असतो.

गुंडी: निम्मा वर्ग नापास होतो, मामा.

मामा: होऊ दे. नापास झालीस तर दुकान आहेच. बिबट्याकडून पास झालीस तर मला झोप लागायची नाही.

आई: आणि नापास झालीस, तर या घरातली दुसरी. पहिला इथेच बसलाय, सव्वा मिनिटवाला.

गुंडी: किती वाजले?

आई: पावणेपाच. का?

गुंडी: पाचला नोंदणी बंद होते बाईंची. तो झेरॉक्सचा कागद दे इकडे. आणि दोघांनी एक शब्द बोलायचा नाही.

(ती फोन लावते.)

गुंडी: नमस्कार मॅडम. सोमवारच्या वर्गात जागा आहे का? … एक? … मला हवीये. … हो, बँकेत गार्डची नोकरी आहे, तीस तारखेच्या आत सर्टिफिकेट लागतं. … नाही, माहितीये नापास होऊ शकते. … चालेल. म्हणजे चालणार नाही, पण येते. … सोमवारी सातला. … नाही, चष्मा नाही. … नाही, दोन्ही कानांनी नीट ऐकू येतं मला. … हो, विचारा ना. … याआधी चाप दाबलाय का? … हो मॅडम. एकदा.